फॉर्ब्ज वॉटसनचे वस्त्रखंड : नमुनावहीच्या रचनेचे एक परीक्षण

भारतीय वस्त्रांच्या इतिहासाविषयी लिहिणारा अभ्यासक जॉन फॉर्ब्ज वॉटसनच्या १८ खंडांचा उल्लेख सहसा टाळत नाही. इंडिया ऑफिसच्या आश्रयाने १८६६ साली सिद्ध झालेल्या या खंडांत भारतीय कापडाचे ७०० प्रत्यक्ष तुकडे पानोपानी डकवलेले आहेत. अशा खंडांचे २० संच तयार करण्यात आले. त्यांपैकी १३ ब्रिटनमध्ये राहिले व ७ भारतासाठी राखले गेले. संशोधक या खंडांकडे वळतो तो त्यांतील कापडासाठी, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु हे खंड म्हणजे कापडाची पेटी नव्हे. ती एक नमुनावही आहे, आणि नमुनावहीला स्वतःची रचना असते. काय कापावे, केवढे कापावे, पानावर कसे लावावे, शेजारी काय लिहावे आणि काय लिहू नये, या प्रत्येक निर्णयामागे ती वही कोणी कोणास दाखवावयाची आहे याचा विचार असतो. हा विचार लक्षात न घेता खंडांतील तुकड्यांवरून १९व्या शतकातील भारतीय वस्त्राविषयी विधाने करणे धोक्याचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम वानगी म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. धान्याच्या पोत्यातून काढलेली मूठ ही त्या पोत्याची पुरी वानगी ठरते. कारण पोत्यातील दाणा दाण्यासारखाच असतो. कापडाचे तसे नाही. साध्या मांजरपाटाचा वीतभर तुकडा ताक्याविषयी जवळजवळ सर्व काही सांगतो. चौकड्याच्या कापडाचा तुकडा चौकडी एकदा पुरी होईल एवढा मोठा नसेल तर काहीच सांगत नाही. नमुन्यावरून केलेल्या विक्रीला कायद्यानेही निश्चित अर्थ दिलेला आहे. १९३० च्या मालविक्री अधिनियमातील १७व्या कलमानुसार अशा व्यवहारात तीन गोष्टी गृहीत असतात : माल प्रतीने नमुन्याशी जुळला पाहिजे, तो ताडून पाहण्याची वाजवी संधी ग्राहकास मिळाली पाहिजे, आणि नमुना नीट तपासूनही ध्यानात आला नसता असा, माल विक्रीस अयोग्य ठरविणारा दोष त्यात असता कामा नये. म्हणजे नमुना हे एक प्रकारचे वचन असते. त्या वचनात किती मजकूर मावेल, हे कात्री ठरविते.

नमुनावही बांधणाऱ्याची अडचण येथूनच सुरू होते. तुकडा मोठा घेतला तर कापड समजते, पण वही उचलवत नाही. लहान घेतला तर वही फिरत्या विक्रेत्याच्या पिशवीत मावते, पण नक्षी तुटते. चारी बाजूंनी खळ लावून चिकटवला तर तो सपाट व सुरक्षित राहतो. मात्र ग्राहकाला तो चिमटीत धरून त्याचा पोत, झोक आणि उलटी बाजू पाहता येत नाही, शिवाय खळ झिरपून रंगावर डाग पडण्याची भीती असतेच. म्हणून जाणते लोक तुकड्याची केवळ वरची कड अडकवतात, बाकीच्या कडा उसवू नयेत म्हणून दातेरी कात्रीने कापतात, आणि उभ्या धाग्याची दिशा सर्व तुकड्यांत एकच ठेवतात. बांधणीतही एक युक्ती लागते. कापडाच्या जाडीमुळे वही मोकळ्या बाजूला फुगते व पाठीशी चेपलेली राहते. ती समतोल राहावी म्हणून पानांच्या मुळाशी जाड कागदाच्या पट्ट्या शिवाव्या लागतात. या बाबी क्षुल्लक वाटतील. पण शंभर वेळा उघडझाप होणारी वही आणि पहिल्याच फेरीत खिळखिळी होणारी वही यांतला फरक एवढाच असतो.

या कारागिरीपेक्षाही महत्त्वाची बाब म्हणजे क्रमांक. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात नॉर्विचच्या जॉन केली नामक व्यापाऱ्याची १७६३ सालची एक वही आहे. स्पेन व लिस्बन येथे पाठविलेल्या लोकरी कापडाच्या नमुन्यांची ती घरी ठेवलेली जोडप्रत होय. परदेशातील ग्राहकाने केवळ क्रमांक कळवावा आणि नॉर्विचमध्ये आपली प्रत उघडून त्याला काय हवे ते जाणावे, अशी ती व्यवस्था. रंगाचे किंवा रेघेचे शब्दांत वर्णन करण्याची गरजच उरत नाही. नमुनावही एकटी कधीच पुरी नसते. तिची जोडप्रत दुसऱ्या टोकाला असावी लागते, ही गोष्ट या वहीवरून जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसते.

वॉटसनने नेमके हेच तत्त्व उचलले व फार मोठ्या प्रमाणावर राबविले. हा मनुष्य मूळचा डॉक्टर. १८५० मध्ये मुंबई लष्कराच्या वैद्यकीय सेवेत त्याची नेमणूक झाली. तेव्हाच्या अहमदनगर येथे त्याने तोफखान्याबरोबर काम केले, पुढे मुंबईच्या जमशेटजी रुग्णालयात व ग्रँट मेडिकल कॉलेजात तो होता, आणि १८५३ मध्ये आजारपणाच्या रजेवर मायदेशी परतला. भारतातील उत्पन्नांचा निवेदक व इंडिया म्युझियमचा संचालक या नात्याने पुढे त्याने वस्त्रांकडे पाहिले तेही बऱ्याच अंशी डॉक्टरच्या दृष्टीने. डाक्क्याच्या मलमलीचे सूत व युरोपीय मलमलीचे सूत त्याने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांची जाडी व इंचातील पीळ मोजले, आणि डाक्क्याचे सूत अधिक बारीक व अधिक पिळाचे असल्याचे नमूद केले. पुराव्याविषयी आस्था असलेला माणूस तो होता, हे त्याच्यावर टीका करण्यापूर्वी मान्य केले पाहिजे.

त्याची कल्पना अशी की, हा प्रत्येक संच म्हणजे एक छोटे उद्योग-संग्रहालय समजावे. मँचेस्टर, प्रेस्टन, ग्लासगो, बेलफास्ट अशा उद्योगनगरांतील कारखानदाराला लंडनला यावे न लागता भारतीय कापड आपल्याच गावी हाताळता यावे. भारतात काही संच ठेवण्याचे समर्थनही त्याने याच दृष्टीने केले : येथील अडत्याने क्रमांक कळवावा, तेथील कारखानदाराने तेच पान उघडावे. म्हणजे केलीच्या वहीची जोडप्रत ती हीच. मात्र दिशा उलटली आहे. केली आपला माल ग्राहकाला दाखवीत होता. वॉटसनच्या खंडांत ग्राहकाच्या अंगावरचे कापड विक्रेत्याला दाखविले जात आहे, आणि ते ज्याने विणले त्या विणकराला या व्यवहारात कोठेच स्थान नाही. सोबतच्या स्वतंत्र ग्रंथात, जो त्याच वर्षी निघाला, वॉटसनने आपला हेतू लपविलेला नाही. ब्रिटिश मालाचे गिऱ्हाईक भारतातील मूठभर श्रीमंतांत शोधू नये, कोट्यवधी सामान्य लोकांच्या साध्या कापडात शोधावे, असा त्याचा सल्ला आहे. हातमागाच्या भरजरी कामाशी यंत्राने स्पर्धा करावी असे त्याला वाटत नव्हते.

या हेतूला अनुसरून त्याने केलेले वर्गीकरण हा या खंडांचा सर्वांत मोठा गुण होय. पागोटी, लुंग्या, धोतरे, साड्या हे मागावरूनच पुरे होऊन उतरणारे नग त्याने वेगळे ठेवले, आणि कापून शिवावयाचे ताग्याचे कापड वेगळे ठेवले. युरोपीय कारखानदाराला कापड म्हणजे ताका एवढेच ठाऊक होते. भारतात वस्त्र हे पुष्कळदा मागावरच पुरे झालेले असते, कात्री व सुई त्याला लागतच नाही, ही गोष्ट त्याला या वर्गीकरणाने शिकविली. चिठ्ठीवर लांबी, रुंदी व वजन दिले ते याचसाठी. धोतर दोन हात आखूड पडले तर त्याची प्रत कितीही चांगली असो, ते कोणी घेणार नाही, हे वॉटसनला पुरते उमगले होते.

आणि तरीही, नेमके हेच त्याच्या पानांनी मोडले. जे वस्त्र मागावर पुरे होते ते तुकड्याने कसे दाखवावयाचे? साडीला अंग आहे, दोन काठ आहेत, पदर आहे; या तिघांचे परस्परांशी असलेले प्रमाण म्हणजेच साडी. शिवाय येथे एक साधे गणित आड येते. ७०० नमुन्यांचे २० संच म्हणजे १४,००० तुकडे. प्रत्येक नगाला २० ठिकाणी कात्री लागली पाहिजे. अंग आणि काठ लांबवर पसरलेले असल्याने ते वीस वाटेकऱ्यांत वाटता येतात. पदर हात-दीड हाताचा, तो वीस जणांना पुरणे शक्य नाही. तेव्हा एक तर पदर वगळावा लागतो, किंवा एका संचात पदराचा भाग, दुसऱ्यात अंगाचा, असे होते. दुसरा मार्ग पत्करला की क्रमांकाची सारी योजनाच डळमळते. कारण एकाच क्रमांकाखाली दोन शहरांत एकाच वस्त्राचे दोन वेगळे भाग असणार. जोडप्रत ही मग जोडप्रत राहत नाही.

आपल्याकडील दोन वस्त्रांवरून हा दोष अधिक स्पष्ट होईल. पैठणीचे काठ-पदर गुंफणीच्या विणीने विणले जातात. त्यामुळे उलट बाजूही जवळजवळ सुलट बाजूसारखीच दिसते, आणि जाणती बाई पैठणी घेताना पदर उलटून पाहते तो याचकरिता. असे वस्त्र पानावर चिकटवले की त्याची ओळखच कागदाखाली गाडली जाते. इरकली लुगड्याची गोष्ट निराळी. त्याचा पदर रेशमी ताण्यावर विणतात, अंगाचा ताणा पुष्कळदा सुती असतो, आणि हे दोन ताणे फासांनी एकमेकांत अडकवून जोडतात. तोप-तेणी या नावाने ही रीत ओळखली जाते. विणकराचे सारे कसब त्या बोटभर सांध्यात आहे. नमुन्याची कात्री सांध्याच्या अलीकडे किंवा पलीकडे पडली तर हाती येते ते एक चांगले सुती कापड किंवा एक चांगले रेशमी कापड. इरकल त्यात नसते. (खणाचे मात्र बरे आहे, तो मुळातच चोळीपुरता, त्यामुळे त्याची वानगी काढू गेले तर नगच द्यावा लागेल.)

वॉटसनला ही उणीव जाणवली नसेल असे म्हणवत नाही. सोबतच्या ग्रंथात वस्त्रे कशी नेसतात याचे वर्णन आणि माणसांची चित्रे त्याने दिली, ती बहुधा ही उणीव भरून काढण्यासाठीच. जे कापड सांगू शकत नव्हते ते त्याने शब्दांवर व चित्रांवर सोपविले. पण कारखानदाराच्या दृष्टीने पाहिले तर ही उणीवच नव्हे. त्याला हवी होती सुताची जाडी, विणीची दाटी, काठाची रंगसंगती व लांबीरुंदी. तेवढे यंत्राला सांगितले की पुरे. सांधा, उलटी बाजू, पदराचा भार हे यंत्राच्या उपयोगाचे नव्हते. कात्रीने गाळले ते यंत्राला नको असलेलेच गाळले, असे दिसते. चिठ्ठीवर गावाचे नाव आढळते. पण ते मागाचे गाव की पेठेचे, हे केवळ चिठ्ठीवरून ठरविता येत नाही. विणकराचे नाव तर नाहीच.

याच्याशी जपानमधील शिमाचो या रेघांच्या वह्या ताडून पाहण्यासारख्या आहेत. विणणाऱ्या घरांतून जुन्या हिशेबवहीच्या कागदांवर कापडाचे लहान लहान तुकडे डकवून त्या केलेल्या असत. त्यांतील तुकडे वॉटसनच्या तुकड्यांहून कितीतरी तुटपुंजे. परंतु पाहणारा स्वतःच विणणारा असल्याने बोटभर तुकडाही त्याला पुरे. उरलेले त्याच्या हाताला ठाऊक असते. तुकडा अपुरा की पुरेसा, हे त्याच्या आकारावर जितके अवलंबून असते तितकेच पाहणाऱ्याच्या ज्ञानावर, ही गोष्ट या तुलनेने स्पष्ट होते.

या खंडांनी भारतीय हातमाग बुडविला, असे विधान कधी कधी आवेशाने केले जाते. ते मान्य करणे कठीण आहे. लँकेशरचे कापड १८६६ च्या कितीतरी आधीपासून येथील बाजारात येत होते, मुंबईतील पहिली कापड गिरणीही १८५४ मध्ये स्थापन होऊन गेली होती, आणि व्यापारी पेढ्या आपापल्या अडत्यांमार्फत नमुने मागवीतच असत. १८ जाड खंड सरकारी कपाटात असल्याने बाजार फिरत नाही. वॉटसनने विणकराच्या नुकसानीचा प्रश्न विचारात घेतला होता, आणि बहुजनांना स्वस्त कापड मिळणे हे अधिक हिताचे, असे उत्तर देऊन तो मोकळा झाला. ते उत्तर आपणांस पटो वा न पटो, त्याच्या वहीची रचना त्या उत्तराशी सुसंगत आहे, आणि परीक्षकाने बोट ठेवावे ते तेथे.

प्रेस्टनच्या हॅरिस संग्रहालयातील संच आता अंकीय रूपात पडद्यावर पाहावयास मिळतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांची त्यामुळे मोठी सोय झाली आहे. परंतु जो तुकडा पानावर एकाच बाजूने दिसत होता तो पडद्यावर हातालाही लागत नाही, वजनाचा आकडा तेवढा शिल्लक राहतो. म्हणून या साधनाचा उपयोग करणाऱ्याने निदान तीन गोष्टी कराव्यात. तुकड्यात काठ आहे की नाही व असल्यास कोणत्या अंगाचा, हे टिपून ठेवावे. चिठ्ठीवरील लांबीरुंदीवरून पुऱ्या वस्त्राचे मापात रेखाटन करून त्यात हा तुकडा कोठे बसतो ते दाखवावे. आणि शक्य असेल तेथे एकाच क्रमांकाचे पान दोन वेगळ्या शहरांतील संचांत उघडून पाहावे. ते दोन तुकडे जुळले नाहीत, तर पुऱ्या वस्त्राचा आणखी थोडा भाग आपल्या हाती आला असे समजावे.