फुलांऐवजी

रोटरी क्लबचे संस्थापक पॉल हॅरिस २७ जानेवारी १९४७ रोजी शिकागोत वारले. आपल्यामागे फुलांवर खर्च नको, ते पैसे रोटरी फाउंडेशनला द्या, अशी त्यांची इच्छा होती. आपल्याकडे तालुक्याच्या गावातही रोटरीची पाटी दिसते, एखाद्याच्या कोटावर ‘पॉल हॅरिस फेलो’ची पिन असते. पण ज्या माणसाच्या नावाची ती पिन आहे त्याची आठवण कशी घडत गेली, हे सावकाश पाहावं असं आहे. उत्तम व्यक्तिचित्रात तपशील निवडून, नेमक्या जागी बसवलेले असतात, तसे इथे आयुष्यानेच बसवले आहेत.

ती शेवटची इच्छाच घ्या. फाउंडेशनची कल्पना हॅरिस यांची नव्हती. रोटरीतल्याच आर्च क्लम्फ यांनी ती १९१७ मध्ये मांडली होती, आणि पहिली देणगी आली साडेसव्वीस डॉलरची. पुढची तीस वर्षं निधी रडतखडतच वाढला. संस्थापकाने आपला शेवटचा शब्द टाकला तो दुसऱ्याच्या अडलेल्या कामासाठी, आणि मला यातली सगळ्यात मोठी गोडी तिथे वाटते. दीड वर्षात दहा लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. १९४७-४८ मध्ये पहिले अठरा विद्यार्थी शिष्यवृत्तीवर परदेशी शिकायला निघाले. महायुद्ध संपून तेव्हा दोनच वर्षं झाली होती.

आता मागे जाऊ. हॅरिस वाढले व्हरमाँटमधल्या वॉलिंगफर्ड या खेड्यात, आजी-आजोबांकडे. वकील होऊन शिकागोत आले, अशिलं मिळाली, तरी जवळचं माणूस म्हणावं असं कुणी नव्हतं. १९०० साली एका वकील मित्राबरोबर ते त्याच्या वस्तीत जेवणानंतर फिरायला निघाले. मित्र वाटेतल्या दुकानदारांना नावाने हाक मारत होता, ओळख करून देत होता. हॅरिसना आपलं खेडं आठवलं. त्या फेरफटक्यातून काही उभं राहायला पुढे पाच वर्षं गेली, आणि मला ती पाच वर्षं फार खरी वाटतात.

२३ फेब्रुवारी १९०५. युनिटी बिल्डिंग, खोली क्रमांक ७११. खाण-अभियंता गुस्ताव्हस लोअर यांचं ते ऑफिस. सोबत शिंपीकाम करणारे हायरम शोरी, कोळशाचे व्यापारी सिल्वेस्टर शील आणि हॅरिस. चौघांचे चार धंदे. पुढची बैठक हॅरिस यांच्या ऑफिसात, तिसरी शील यांच्या कोळशाच्या वखारीत. आळीपाळीने एकमेकांकडे जायचं, म्हणून नाव पडलं रोटरी. आज हॉटेलच्या वातानुकूलित सभागृहात भरणाऱ्या बैठका पाहताना ती वखार डोळ्यांपुढे आणावी. आपला मित्र दिवसभर कुठे बसतो, काय विकतो, त्याचे हात कशाने काळे होतात, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही.

सुरुवातीला धंद्यात एकमेकांना मदत करायची, एवढाच बेत होता. समाजाचं काम नंतर आलं, आणि पहिलं मोठं काम कुठलं, तर शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह! दारूचे गुत्तेवाले आणि मोठे दुकानदार विरोधात उभे राहिले. आमच्याकडे सोय आहेच की, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे गरज लागली की माणसाने गुत्त्यात शिरायचं, बाईने दुकानाची पायरी चढायची. क्लबने दोन वर्षं पाठपुरावा केला आणि १९०९ मध्ये महापालिकेच्या इमारतीजवळ ते स्वच्छतागृह झालं. ज्याच्यावर देणगीदाराचं नाव कोरायला कुणी धडपडणार नाही, असं काम पहिलं निवडलं गेलं. एसटी स्टँडवर बायकांची काय अवस्था होते हे ज्याने पाहिलंय, त्याला या निवडीचं मोल वेगळं सांगावं लागणार नाही.

लोअर आणि शोरी थोड्याच वर्षांत बाजूला झाले. शील राहिले. शिकागो क्लबचे पहिले अध्यक्ष तेच. हॅरिस त्या खुर्चीवर १९०७ मध्ये आले. जगभर सत्कार झाले ते हॅरिस यांचे, आणि कोळशाचा व्यापारी आपल्या क्लबात काम करत राहिला. १९४५च्या डिसेंबरात शील गेले. पुढे सव्वा वर्षाच्या आत हॅरिस गेले, आणि माउंट होप दफनभूमीत त्यांना शील यांच्या जवळच जागा मिळाली. पत्नी जीन एडिनबराच्या. त्या नंतर माहेरच्या गावी परतल्या आणि १९६३ मध्ये तिथेच वारल्या.