भोपळा कोणी पोखरला?

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं : 'म्हातारी आणि भोपळ्याची लोककथा शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ हे लोकमानसातील मूल्य व्यक्त करते.' हे वाक्य लिहून मी दोन दिवस खूश होते. मार्गदर्शक बाईंनी मसुदा परत दिला तेव्हा त्या वाक्याच्या शेजारी, समासात, पेन्सिलीने तीनच शब्द लिहिलेले होते. 'भोपळा कोणी पोखरला?'

खरं सांगायचं तर मला राग आला. असा काय प्रश्न झाला? पण पुढचे सहा महिने मी त्या तीन शब्दांच्या मागे फिरतेय, आणि आज त्याबद्दलच लिहायचं आहे. तुमच्यापैकी जे पेट-नेट देऊन आता विषय शोधताहेत, त्यांना कदाचित उपयोग होईल.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तरी थोडक्यात. एक म्हातारी लेकीकडे निघते. वाटेत जंगल. तिथे कोल्हा भेटतो, वाघ भेटतो. कोणी लांडगा सांगतं, कोणी अस्वलही घालतं. प्रत्येक जण म्हणतो, तुला खातो. म्हातारी म्हणते, आत्ता माझ्या अंगावर आहे काय? लेकीकडे चार दिवस चांगलंचुंगलं खाऊन येते, मग खा. ती जाते, खाते, गुटगुटीत होते. परत निघताना मोठ्या भोपळ्यात बसते आणि टुणूक टुणूक करत त्याच वाटेने घरी येते. जनावरं भोपळ्याला विचारतात, म्हातारी पाहिलीस का? आतून उत्तर येतं, कुठली म्हातारी, मला नाही माहीत.

आता 'शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ' या वाक्यात चूक काय? चूक काहीच नाही, हीच अडचण आहे. ते वाक्य ससा-सिंहाच्या गोष्टीला लागू पडतं, माकड-मगरीच्या गोष्टीला पडतं, आणि ब्राह्मणाने सोडवलेल्या वाघाला कोल्हा परत पिंजऱ्यात घालतो त्या गोष्टीलाही पडतं. जे वाक्य कुठल्याही कथेखाली चालतं ते या कथेबद्दल काही सांगत नाही. आणि हे वाक्य आपल्याला येतं कुठून? पंचतंत्रातून. तिथे कथा नीतिशास्त्राच्या चौकटीतच बसवलेली असते, तात्पर्य गोष्टीबरोबरच येतं. विहिरीत प्रतिबिंब दाखवून सशाने सिंहाला बुडवलं, त्याआधी आणि नंतर बुद्धीचं बळ सांगणारं कोणीतरी हजर असतं. आपण शाळेत 'तात्पर्य लिहा' करत वाढलो, त्यामुळे आजीच्या गोष्टीलाही आपण तोच चष्मा लावतो. माझी आजी ही गोष्ट सांगून झाली की तात्पर्य सांगायची नाही. 'झोप आता' म्हणायची.

तर मी काय केलं, युक्ती हा शब्द बाजूला ठेवला आणि विचारलं, ही युक्ती चालायला काय काय लागतं?

पहिली गोष्ट म्हणजे वायदा. म्हातारी जनावराला फसवते ती खोटं बोलून नव्हे. ती खरोखर लेकीकडे जाते, खरोखर खाते, खरोखर जाड होते आणि खरोखर त्याच वाटेने परत येते. शेवटचं कलम सोडून सगळा करार ती पाळते. वाघाचा हिशेब वाघालाच मांडून दाखवते : आज हाडं, चार दिवसांनी मांस. हा हिशेब वाघाच्या बाजूने बिनचूक आहे. त्यामुळे 'मूर्ख वाघ' हे चित्र मला आता पटत नाही. ज्या भागात वारली लोक वाघोबाचं ठाणं मांडून त्याला पुजतात, तिथे वाघाला मूर्ख समजून जगता येत नसणार. आमच्या घरच्या कथनातही म्हातारी त्याला 'वाघोबा' म्हणूनच हाक मारते. धाक असलेल्या माणसाशी बोलावं तशी बोलते.

पण या वायद्यातच गोम आहे. पहिल्या युक्तीने संकट टळत नाही, पुढे ढकललं जातं. उलट वाढतं, कारण परतताना ती जास्त खाण्याजोगी झालेली असते! भोपळा लागतो तो पहिल्या युक्तीने उभ्या केलेल्या संकटावर. आणि भोपळा म्हातारीच्या झोपडीत नव्हता. तो लेकीच्या घरी होता. तूप लेकीचं, पोळी लेकीची, भोपळा लेकीचा. तो पोखरून, त्यात आईला बसवून, बाहेर ढकलून देणारे हातही तिचेच. मी ऐकलेल्या काही कथनांत भोपळा म्हातारी मागते, काहींत लेक आपणहून आणते. पण लेकीशिवाय भोपळा कुठल्याच कथनात नाही. माझ्या त्या वाक्यात मात्र लेक कुठेही नव्हती.

इथे मला वाटलं, सापडला प्रबंध. आपल्याकडे अनेक घरांत अजूनही म्हणतात, लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये. नातू होईपर्यंत आई-बाप मुलीच्या घरी जेवत नसत, हे तर आपल्या आज्यांनी पाहिलेलं आहे. जात्यावरच्या ओव्या बघा. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सुरू केलेल्या कामात लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या आहेत आणि त्यांत माहेर सतत येतं. लेक दमून आईकडे जाते, आई तिला खाऊपिऊ घालते. भोपळ्याच्या गोष्टीत हे उलटं होतं. आई दमलेली, हाडकलेली, एकटी, आणि लेकीचं घर हेच तिचं माहेर. शिवाय लहान मुलं नेहमी विचारतात तो प्रश्न : म्हातारी लेकीकडेच का राहिली नाही? जंगल टळलं असतं. मी लिहून टाकलं की कथेतला धोका मुळात वाघ नाहीच, आईला लेकीकडे कायमचं राहता येत नाही ही रूढी आहे. तीच तिला परत जंगलात ढकलते.

काय सुंदर वाक्य होतं ते! आणि ते टिकलं नाही. का, ते सांगते, कारण ही माझी दुसरी चूक पहिलीपेक्षा जास्त शिकवणारी होती.

लोककथांची एक आंतरराष्ट्रीय सूची आहे. फिनलंडच्या आन्ती आर्ने यांनी ती १९१० मध्ये केली, स्टिथ थॉम्पसन यांनी १९२८ आणि १९६१ मध्ये वाढवली, आणि हान्स-यॉर्ग उथर यांनी २००४ मध्ये नव्याने मांडली. तिघांच्या आडनावांवरून तिला एटीयू म्हणतात. त्यात १२२ या गटात खोट्या विनवण्या करून सुटणाऱ्या भक्ष्यांच्या कथा आहेत आणि १२२ एफ म्हणजे 'मी जाड होईपर्यंत थांब'. आपली म्हातारी इथे बसते. सूचीत क्रमांक सापडला की अभ्यास झाला असं समजू नका. क्रमांक फक्त शेजारी कोण राहतं ते सांगतो, पण शेजाऱ्यांकडे जाऊन यावंच लागतं.

मी गेले. पंजाबात फ्लोरा अ‍ॅनी स्टील आणि आर. सी. टेंपल यांच्या १८८४ च्या संग्रहात एक कोकरू आहे. ते आजीकडे निघतं, वाटेत कोल्हा, वाघ, लांडगा यांना तोच वायदा करतं, आजीकडे धान्याच्या कणगीत बसून खातं आणि परतताना ढोलकीत शिरून गडगडत येतं. बंगालीत उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांच्या १९१० च्या 'टुनटुनिर बोई'त कुबडी म्हातारी नातीकडे जाते आणि वाळक्या दुध्याच्या कवचात बसून परतते. इराणातही म्हातारी भोपळ्यात बसून गडगडत येते आणि पोर्तुगालातही, तिथे कुटुंबातल्या समारंभाहून परतताना.

आता माझ्या सुंदर वाक्याचं काय झालं बघा. कोकरू आजीच्या घरी राहू शकलं असतं, तिथे कुठली रूढी आडवी येत नव्हती. तरी ते परत निघालं. पोर्तुगालच्या म्हातारीला लेकीचं पाणी वर्ज्य असण्याचा प्रश्नच नाही. तीही परत निघते. म्हणजे परतीचा प्रवास मराठी रूढीमुळे नाही, तो या कथाप्रकाराच्या हाडातच आहे. जाणं आणि येणं नसेल तर ही गोष्टच नाही. मी एका गावची चाल घेऊन अर्ध्या जगाच्या कथेचं कारण सांगायला निघाले होते. एकाच भाषेतली सामग्री वाचून 'हे आपल्या संस्कृतीमुळे' असं लिहिण्याचा मोह आपल्या विषयात फार आहे, आणि परीक्षकही तो पुष्कळदा सोडून देतात.

शेजारी फिरल्यावर आणखी एक गोष्ट झाली. माझं पहिलं वाक्यही पडलं. कारण पंजाबातलं कोकरू मरतं. बाकीची जनावरं फसतात, पण शेवटी भेटलेला कोल्हा आतला आवाज ओळखतो, ढोलकी फोडतो आणि त्याला खाऊन टाकतो. युक्ती तीच, वायदा तोच, शेवट उलटा. बंगालीत अस्वल आणि वाघ फसतात, कोल्हा फसत नाही. कवच फुटल्यावर म्हातारी आपल्या कुत्र्यांना हाक मारते आणि कुत्रे कोल्ह्याला संपवतात. म्हणजे तिथे शेवटी सोडवणारी गोष्ट दुधी नव्हे, घरची कुत्री. आपल्याकडे छापील बालपुस्तकांत म्हातारी बहुधा सुखरूप घरी पोचते आणि भोपळा फुटतच नाही. पण माझ्या आत्याच्या कथनात कोल्हा भोपळा फोडतो आणि म्हातारी लेकीने पुरचुंडीत दिलेलं तिखट त्याच्या डोळ्यांत फेकते. पुन्हा लेकच.

तिन्ही ठिकाणी कच्चा दुवा एकच आहे : आवाज. भोपळ्यातून बोलावं लागतं. न बोलता गडगडत गेली असती तर कोणी विचारलंही नसतं, पण मग गोष्टीतली गंमत गेली असती, कारण मुलं थांबलेली असतात ती त्या आतल्या उत्तरासाठीच. म्हातारी स्वतःच्याच आवाजात स्वतःला परकी करते, 'ती' म्हणते. सांगणारी आजी इथे आवाज बदलते. माझी आजी तोंडासमोर तांब्या धरायची! छापील पानावर हे काहीच उरत नाही. टंकलिखित मजकुरावर विश्लेषण करणाऱ्यांनी (म्हणजे मीही) हे निदान तळटीपेत तरी मान्य करावं.

जाता जाता भोपळ्याबद्दल. चित्रांत तो नेहमी तांबडा, फुगीर, फाका असलेला असतो. तो तांबडा भोपळा मूळचा अमेरिकेतला, आपल्याकडे सोळाव्या शतकानंतरचा. बंगाली आणि पोर्तुगीज कथांतलं फळ मात्र दुध्याच्या जातीचं आहे, वाळल्यावर लाकडासारखं कडक होणारं. मिरजेला तंबोऱ्यासाठी पंढरपूरकडून येतात ते भोपळे आठवा. मराठीत दोघांनाही भोपळाच म्हणतात, म्हणून चित्रकाराला तांबडा सुचला. यावरून कथा किती जुनी ते ठरवायला जाऊ नका, फळ बदलूनही कथा तशीच चालते. पण चित्र हाही एक पाठ आहे आणि त्यानेही अर्थ लावलेला असतो, एवढं ध्यानात ठेवा.

मग रूढीवालं माझं वाचन पूर्ण वाया गेलं का? काही दिवस तसं वाटत होतं. नंतर प्रश्न बदलला. परतीचा प्रवास कुठून आला हे मराठी कथन सांगू शकत नाही, कबूल. पण कथाप्रकाराने ठेवलेली ती फट सांगणारी बाई कशाने भरते, हे विचारता येतं. 'म्हातारी तिकडेच का राहिली नाही' या प्रश्नाला पंजाबात, बंगालात आणि आपल्याकडे सांगणाऱ्या बाया काय उत्तर देतात? हे पुस्तकात मिळत नाही. ते विचारायलाच जावं लागतं, आणि विचारणारं लहान मूल असेल तर उत्तर जास्त खरं येतं. माझ्या नव्या सिनॉप्सिसमध्ये आता ते पहिलं वाक्य नाही, दुसरंही नाही. तिथे हा एक प्रश्न आहे आणि तो कसा विचारणार याची दीड पानं आहेत. कमिटीत एकाने विचारलं, हे इतकं छोटं कसं? मी म्हटलं, सर, आधी मोठं होतं.

आत्याला मी हा प्रश्न विचारला तेव्हा ती भाजी निवडत होती. सत्तरी पार केलेली, एकटीच राहते, दिवाळीला चार दिवस मुलीकडे जाऊन येते. 'आत्या, ती म्हातारी लेकीकडेच का राहिली नाही गं?' ती हसली. म्हणाली, 'लेकीकडे किती दिवस राहणार?' आणि मग देठ मोडता मोडता, जरा थांबून, 'आणि तिच्या घराला कुलूप होतं ना. ते कोण उघडणार?'

कुलूप कुठल्याही छापील पाठात नाही. मी वहीत लिहून घेतलं, तारखेसकट.