एकीचें बळ आणि इटलींतील एक आघाडी

एकीचें बळ, मिळतें फळ, ही म्हण आम्ही सारेच लहानपणीं घोकतों. परंतु एकी कशासाठीं, हा प्रश्न मागें राहिला म्हणजे फळ हातीं येऊनही बळ टिकत नाहीं, असें आमचें मत आहे. इटलींतील १९७६ ची ‘देमोक्रात्सिया प्रोलेतारिया’, म्हणजे श्रमजीवी लोकशाही, ही आघाडी याचें चांगलें उदाहरण होय.

त्या सुमारास इटलीचा कम्युनिस्ट पक्ष ख्रिस्ती लोकशाही पक्षाशीं ‘ऐतिहासिक तडजोड’ करूं पाहत होता. हें धोरण अमान्य असलेले तीन जहाल डावे गट जूनच्या निवडणुकींत एका यादीवर उभे राहिले: श्रमजीवी ऐक्य पक्ष, कामगार अग्रदल आणि ‘लोत्ता कोंतीनुआ’, म्हणजे अखंड संघर्ष. त्यांना एकत्र आणण्यांत निवडणुकीच्या कायद्याचा वांटा मोठा होता. एखाद्या मतदारसंघांत एक पूर्ण जागा आणि देशभर ३ लक्ष मतें मिळाल्यावांचून प्रतिनिधिगृहाचें दार उघडत नसे. १९७२ त एका डाव्या समाजवादी पक्षास सुमारें ६.५ लक्ष मतें पडूनही एकही जागा मिळाली नव्हती. आघाडीस सुमारें ५.५ लक्ष, म्हणजे शेंकडा १.५ मतें पडलीं आणि ६ जागा मिळाल्या. कम्युनिस्ट पक्षास शेंकडा ३४ हून अधिक मतें होतीं.

तेव्हां गणित फसलें असें म्हणतां येत नाहीं. दोष मुळांतच होता. ‘लोत्ता कोंतीनुआ’नें १९७५ च्या प्रादेशिक निवडणुकींत आपल्या अनुयायांस कम्युनिस्ट पक्षासच मत देण्यास सांगितलें होतें. तिला यादींत घ्यावें कीं नाहीं, यावरच सोबत्यांत वाद माजला. निवडणुकीनंतर कांहीं महिन्यांतच रिमिनी येथील अधिवेशनांत स्त्रियांनीं व कामगारांनीं तिच्या नेत्यांस जाब विचारला, आणि संघटना म्हणून ती जवळजवळ संपलीच. १९७७ त इतर दोन्ही पक्ष फुटले. आघाडीचें नांव तेवढें १९७८ त एका नव्या पक्षानें घेतलें.

तथापि तिची निव्वळ थट्टा करणें न्यायाचें होणार नाहीं. १९७६ त आंद्रेओत्ती यांचें मंत्रिमंडळ कम्युनिस्टांच्या तटस्थतेवर उभें राहिलें, तेव्हां डावीकडून उघड विरोध करणारे जे थोडे सभासद होते, त्यांत हे सहाजण होते. ज्या मतदारांस ती तडजोड नको होती, त्यांचा आवाज त्यांच्यामुळें सभागृहांत पोंचला, हें लहान काम नव्हे.

पण हिशेब येथें संपत नाहीं. १९७९ त श्रमजीवी ऐक्य पक्ष स्वतंत्रपणें लढला, आणि त्यासही ६ जागा मिळाल्या. ज्या प्राप्तीसाठीं एकीचा एवढा खटाटोप केला, ती एकीवांचूनही अशक्य नव्हती तर! जें एकत्र बसूनच साधलें असतें, तें म्हणजे आपापसांतील मतभेदांचा मोकळा विचार. त्यासाठीं मात्र यादी तयार करण्याच्या घाईंत कोणास सवड झाली नाहीं.