शिरोरेषा आणि सेरिफ : बोदोनी वळणाच्या मुद्राक्षरांसंदर्भात एक टिपण

चिनहटच्या लढाईला (३० जून १८५७) दीड वर्षही उलटले नव्हते, तोच लखनौ शहरात मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ साली आपला छापखाना उघडला. तेथील ग्रंथनिर्मितीचा कणा शिळाछाप होता; कातिबाच्या लेखणीतील जाड-बारीकपणा कागदावर जसाच्या तसा उतरत असे. मुंबईत गणपत कृष्णाजींनीही १८३१ साली शिळाछापावरच आरंभ केला होता. परंतु मराठी मुद्रणाने लवकरच धातूच्या खिळ्यांची वाट धरली, आणि लेखणीचे वळण पोलादात कोरावे कसे हा प्रश्न उभा राहिला. त्याची एका युरोपीय नमुन्याशी तुलना येथे करावयाची आहे.

पार्मा येथील बोदोनी (१७४०–१८१३) आणि पॅरिसचे दिदो घराणे यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस घडविलेल्या अक्षरात उभा दंड भरदार, तर आडवी रेघ केसासारखी असते. टोकाची सेरिफही तशीच. हा विरोध रुंद लेखणीच्या कोनातून नव्हे, तर टोकदार लेखणीवरील दाबातून आणि ताम्रपटावरील खोदकामातून आला. गुळगुळीत कागद नसता तर तो छापून उमटलाही नसता. आज सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनांवर व 'व्होग'सारख्या नियतकालिकांच्या मुखपृष्ठांवर हेच वळण अभिजाततेचे चिन्ह म्हणून वावरते.

देवनागरीची प्रकृती निराळी आहे. बोरूचे टोक रोमन लेखणीच्या उलट तिरपे कापलेले असते; म्हणून जाडी केवळ उभ्या दंडात साठत नाही, ती वळणांच्या तिरक्या भागात आणि शिरोरेषेतही उतरते. शिरोरेषा ही सेरिफ नव्हे. सेरिफ गळून पडली तरी रोमन शब्द शाबूत राहतो. शिरोरेषा केसाएवढी केली की मराठी शब्दाची वीणच सैल पडते. जावजी दादाजींच्या निर्णयसागरसाठी (१८६९) राणोजी रावजी आरू यांनी कोरलेले ठसे या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत. १८८६ पासून निघालेल्या 'काव्यमाले'ची पाने समोर ठेवली, तर तेथील डौल रेघांच्या टोकाच्या विरोधात नसून जोडाक्षरांच्या पोटातील मोकळ्या जागेत आहे, असे माझे मत आहे. बोदोनीपेक्षा हे काम कमी नाही. त्याचे मोजमाप वेगळे आहे, इतकेच.

ते मोजमाप आपणच विसरत आलो. १९५३ च्या लखनौ लिपिसुधार परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे न्यावी असे ठरविले. यंत्राची सोय हा हेतू होता. ती शिफारस १९५७ मध्ये मागे घ्यावी लागली. महाराष्ट्र शासनाने पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' यांना मान्यता दिली ती २००९ साली. (शाळेच्या फळ्यावरील अक्षर त्यानंतरही किती बदलले, हा स्वतंत्र विषय.)

अलीकडे इंडियन टाइप फाउंड्रीच्या 'रोझा वन' (२०१४) या संचाने देवनागरी व रोमन या दोहोंत टोकाचा विरोध आणला. शीर्षकापुरता तो देखणा वाटतो. सलग गद्यासाठी नव्हे. परंतु तौलनिक अभ्यासकाने पाहावे ते द्विभाषिक काव्यसंग्रहाचे पान. उजवीकडे इंग्रजी अनुवाद बोदोनीत, ऐसपैस समासांसह. डावीकडे मूळ मराठी कविता 'मंगल'मध्ये. र. कृ. जोशी यांनी 'मंगल' घडविला तो संगणकाच्या पडद्यासाठी, काव्यसंग्रहाच्या पानासाठी नव्हे. परिणामी अशा पानावर अनुवाद मूळ संहितेसारखा दिसतो आणि मूळ कविता त्याच्या तळटीपेसारखी.