नगररक्षणाचा मंत्र आणि गावकूस

बैठ्या खेळांतील 'भूमिकाखेळ' हा प्रकार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत उदयास आला. चारसहा खेळाडू मेजाभोवती बसतात. प्रत्येक जण एका कल्पित पात्राची भूमिका घेतो. एक सूत्रधार प्रसंग कथन करतो आणि फाशांच्या दानावर कृतीचे यशापयश ठरते. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (१९७४) हा या प्रकारातील आद्य प्रकाशित खेळ होय. त्याच्या नियमग्रंथांना वाङ्मय म्हणावे की नाही, हा वाद येथे अप्रस्तुत आहे. परंतु या खेळात खेळाडूने उच्चारले म्हणजे पात्राने केले असे मानले जात असल्यामुळे भाषेच्या अभ्यासकास हे ग्रंथ उपेक्षणीय वाटू नयेत. मंत्राने नगराचे रक्षण कसे होते, या एकाच प्रश्नापुरती त्यांची चिकित्सा येथे करावयाची असून तीसाठी निकष मराठी मुलखातून, मुख्यत्वे पुण्यातून, घेतले आहेत.

खेळाच्या पाचव्या आवृत्तीतील (२०१४) 'फॉर्बिडन्स' हा प्रवेशनिषेधाचा मंत्र या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. त्याने ४०,००० चौरस फुटांपर्यंतची जागा ३० फूट उंचीपर्यंत संरक्षित होते. मांत्रिकाने देवयोनी, पिशाचयोनी, मृतयोनी अशा वर्गांपैकी जे वर्ग नामनिर्देशाने वर्ज्य ठरविले असतील, त्यांना आत येताच इजा होते. मंत्राची मुदत एक दिवसाची. मात्र त्याच जागी ३० दिवस रोज प्रयोग केल्यास कोणी उच्छेद करीपर्यंत तो टिकतो. शिवाय मांत्रिकाला परवलीचा शब्द नेमून देता येतो. तो उच्चारून प्रवेश करणारास इजा होत नाही.

ही रचना काटेकोर आहे, आणि तिच्यात एक मार्मिक जाणही आहे. संरक्षणाचा गाभा येथे भिंतीत नसून वर्गीकरणात व शब्दात आहे. कोण आपला आणि कोण परका हे आधी नावाने ठरते, मग सीमा उभी राहते. तथापि ४०,००० चौरस फूट म्हणजे एक एकरही नव्हे. एखादे देऊळ या मंत्राखाली येईल, पेठ येणार नाही. नगरासाठी म्हणून एड ग्रीनवुड यांच्या 'फरगॉटन रेल्म्स' या खेळविश्वात 'मिथल' नावाचे विशाल मंत्रकवच कल्पिले आहे. अनेक महामांत्रिक एकत्र येऊन ते विणतात. मिथ ड्रॅनर हे नगर उद्ध्वस्त झाल्यावरही त्याचे मिथल विकृत स्वरूपात उरते. कल्पना वेधक आहे खरी. परंतु नगरवासी नाहीसे झाले तरी त्यांचे रक्षण करणारे कवच मागे राहते, याचाच अर्थ त्या कवचाला नगरवासीयांची कधी गरज नव्हती असा होतो. या खेळांतील नगररक्षणाची मूळ उणीव येथे आहे.

मराठीत 'बांधणे' हे एकच क्रियापद घराला, तटाला आणि मंत्रालाही चालते. घर बांधतात, तशीच शीव बांधतात आणि दिशाही बांधतात. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली दिलेल्या आणि १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत दाखविले की, काही उच्चार वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, तर तेच कृती असतात. आणि अशी कृती सिद्धीस जाण्यासाठी योग्य व्यक्ती, योग्य प्रसंग व संबंधितांची मान्यता लागते. शीव बांधणे हे याच जातीचे कर्म आहे. गावाने मानले नाही तर ते घडतच नाही.

पुण्याच्या परंपरेतील प्रसिद्ध कथा याची साक्ष देते. इ. स. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळले, तेथे गाढवांचा नांगर फिरविला आणि जागा शापित झाल्याची खूण म्हणून लोखंडी पहार रोवली, असे परंपरा सांगते. पुढे जिजाबाईंच्या व बालशिवाजींच्या उपस्थितीत त्याच भूमीवर सोन्याचा फाळ लावलेला नांगर फिरला आणि वस्ती परतली. यातील तपशिलांची ऐतिहासिकता हा स्वतंत्र प्रश्न आहे. कथेची रचना मात्र स्पष्ट आहे. दोन्ही विधींत तट नाही आणि मांत्रिकही नाही. पहिल्या विधीने भूमीला 'वसण्यास अयोग्य' असे नाव दिले, दुसऱ्याने ते पुसले. शाप उतरला याचा पुरावा एकच : लोक राहावयास आले. नांगर कोणी धरला हा प्रश्नही अद्याप शमलेला नाही. लाल महालातील या प्रसंगाच्या शिल्पसमूहातून दादोजी कोंडदेवांचा पुतळा डिसेंबर २०१० मध्ये हटविण्यात आला, तो याच वादातून.

मान्यता लागते म्हणूनच नूतनीकरणही लागते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आचरे येथे काही वर्षांच्या अंतराने ग्रामदैवत रामेश्वराचा कौल घेऊन गावपळण होते. सारे ग्रामस्थ गुराढोरांसह तीन दिवस शिवेबाहेर राहतात आणि पुन्हा कौल घेऊन परततात. 'फॉर्बिडन्स'चा प्रयोग तीस दिवसांत पुरा होतो. गावाचा करार पुरा होत नाही.

परवलीच्या शब्दाची दुर्बलताही पुण्याने पाहिली आहे. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर हत्तींना रोखण्यासाठी अणकुचीदार खिळे आहेत. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा वध झाला तो मात्र पदरच्याच गारद्यांकडून. आज्ञापत्रातील 'धरावे' या शब्दाचे 'मारावे' झाले, ही आख्यायिका निर्णायक पुराव्याने सिद्ध झालेली नाही. पण 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार भाषेत रूढ झाला. शब्दावर उभे असलेले रक्षण एका अक्षराने ढळते, हे जनमानसाने ओळखले होते. खेळाच्या नियमांत परवलीचा शब्द चोरीस जाईल. शब्द बदलून रक्षकच भक्षक होण्याची सोय त्यांत नाही.

अखेरचा मुद्दा अधिक गंभीर आहे. गावाच्या वेशीवर पहारा देणारा वेसकर महार असे. शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष महत्त्वाची मानली जाई, कारण शीव त्याला ठाऊक असे. पण त्याची वस्ती गावकुसाबाहेर होती. जो सीमा राखी, त्यालाच ती सीमा आत घेत नसे. 'गावकुसाबाहेरचा' हा शब्द दलित साहित्यात ज्या धारेने येतो, तिचे मूळ या विसंगतीत आहे. मंत्रकवच वर्गीकरणाने उभे राहते असे एकदा मानले की, वर्ग कोणी पाडले आणि पहाऱ्याचे मोल कोणी चुकविले, हे विचारणे भाग पडते. नियमग्रंथ माणकाच्या चूर्णाची किंमत १,००० सुवर्णमुद्रा अशी नेमकी सांगतात. वेसकराच्या मोलाचा रकाना त्यांत नाही.

एवढ्यावरून हे खेळ त्याज्य ठरत नाहीत. त्यांत सूत्रधाराला नियमांपलीकडे जाण्याची पूर्ण मुभा असते, आणि नगर हे राहणाऱ्यांच्या मान्यतेने उभे असते हे ध्यानी घेतल्यास कथानकही सकस होईल. मराठी खेळाडूंनी या खेळात आपली नगरे वसविताना मिथल उसने घेण्याऐवजी पांढरी, वेस, शीव, कौल या शब्दांपासून आरंभ करावा. मात्र तसे करताना कुसाबाहेरची वस्तीही नकाशावर काढावी लागेल.