नव्या गाडीनं जुनीला म्हातारी करू नये

आमच्या चिंचवडच्या घराजवळच्या गॅरेजात गेल्या महिन्यात दोन मर्सिडीज ई-क्लास शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक नव्वदच्या दशकातली, कंपनीच्या भाषेत डब्ल्यू १२४. भारतात जुळणी झालेली पहिली मर्सिडीज हीच. १९९५ साली, इथून जवळच पिंपरीत, टेल्कोच्या आवारात ती जुळायला लागली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. दुसरी २०१७ नंतरची, दोन मोठ्या पडद्यांची.

मेकॅनिककाका मला म्हणाले, ‘‘हिचा वायपर मी तीनदा खोलून बसवलाय. तिचा पडदा गेला तर काय खोलू?’’

मी गाड्यांच्या पडद्यामागचं सॉफ्टवेअर लिहितो. या प्रश्नाचं उत्तर मला यायला हवं होतं. आलं नाही. म्हणून हा लेख.

ब्रूनो सॅको १९७५ ते १९९९ मर्सिडीजच्या डिझाइन विभागाचे प्रमुख होते. त्यांचं एक तत्त्व होतं, ‘व्हर्टिकल अफिनिटी’. म्हणजे काय, तर नव्या पिढीनं जुन्या पिढीशी नातं ठेवायचं. नवी रस्त्यावर आली म्हणून जुनी एका रात्रीत म्हातारी दिसता कामा नये. ई-क्लासच्या सगळ्या पिढ्यांना ही एकच फूटपट्टी लावून बघू.

१९७६ची डब्ल्यू १२३ जवळपास २७ लाख खपली. जर्मनीत ती टॅक्सी म्हणूनही तितकीच धावली. १९८४च्या अखेरीस तिच्या जागी आलेली डब्ल्यू १२४ दिसायला साधी, मागे जरा निमुळती, पण वायपर बघा. मधोमध एकच. तो नुसतं अर्धवर्तुळ काढत नाही. काचेच्या वरच्या कोपऱ्याकडे जाताना दांडा लांब होतो, मधे आला की आखडतो. त्यामुळे काचेचा ८६ टक्के भाग पुसला जातो. अवघड प्रश्न, आणि उत्तर डोळ्यांना दिसणारं. दिसतं म्हणून काका ते खोलू शकतात.

उगाच आरती ओवाळायची नाही. याच पिढीच्या शेवटच्या वर्षांतल्या गाड्यांत इंजिनच्या वायरींवरचं आवरण कडक होऊन तुटायचं. टिकाऊपणाची ही देवीही मातीच्याच पायांची होती. आणि सॅकोंचं तत्त्वही त्यांच्याच कारकिर्दीत मोडलं. १९९५च्या डब्ल्यू २१०ला चार गोल दिवे आले आणि जुनी एकदम जुनी दिसायला लागली. ती नवी पुढे गंजण्यासाठीच बदनाम झाली, हा काळानं उगवलेला सूड म्हणायचा.

माझ्यासाठी खरी फट २००२च्या डब्ल्यू २११मध्ये आहे. तिचे ब्रेक इलेक्ट्रॉनिक होते : पाय पेडलवर, निर्णय कॉम्प्युटरचा. त्या यंत्रणेत एक काउंटर होता. ब्रेक किती वेळा दाबले ते तो मोजायचा आणि ठरलेला आकडा आला की डॅशबोर्डवर इशारा द्यायचा. गाडी स्वतःचं आयुष्य मोजत होती! २००४ आणि २००५मध्ये या ब्रेकसाठी लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि २००६च्या फेरबदलात कंपनी मुकाट्यानं साध्या ब्रेककडे वळली. ब्रेक गेले, काउंटरची वृत्ती मात्र राहिली.

२००९च्या डब्ल्यू २१२नं मागच्या चाकांवर पन्नासच्या दशकातल्या गाडीसारखा फुगवटा दिला. पूर्वजांशी नातं दाखवायला. चारच वर्षांत, २०१३च्या फेरबदलात, तो पुसूनही टाकला. नातं पत्र्यावर चिकटवलं की असं होतं. २०१६च्या डब्ल्यू २१३मध्ये सव्वाबारा इंची दोन पडदे आले. २०२३च्या डब्ल्यू २१४मध्ये तर हवा असेल तर शेजारच्या प्रवाशाला वेगळा पडदा आणि डॅशबोर्डवर सेल्फी कॅमेरा. गाडी आता फोनच्या घड्याळावर चालते. तीन वर्षं जुना फोन हातात घेऊन बघा, म्हणजे कळेल.

गंमत अशी, की भारतात २०१७पासून ई-क्लास लांब करून विकली जाते. २०१७च्या गाडीत मूळ गाडीपेक्षा दोन चाकांमधलं अंतर १४० मिलिमीटर जास्त होतं, आणि ते जवळपास सगळं मागच्या सीटच्या वाट्याला. ज्यानं पैसे मोजले तो मागे बसतो. मोठे पडदे पुढे, ड्रायव्हरसमोर. गुडघ्यापुढच्या त्या चार बोटं जास्तीच्या जागेला अपडेट लागत नाही. आपल्या बाजारानं नकळत गाडीतली सगळ्यात न शिळी होणारी गोष्ट मागून घेतली.

मग पडदे काढून टाकायचे का? नाही. टक्कर व्हायच्या आधी स्वतः ब्रेक लावणारी गाडी मला हवीच आहे, आणि ती सॉफ्टवेअरशिवाय होत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. वायपर बनवणाऱ्यानं तीस वर्षांनंतरच्या मेकॅनिकला गृहीत धरलं होतं. मी धरत नाही. मी लिहितो त्या सॉफ्टवेअरच्या कागदपत्रांत ‘सपोर्ट कधीपर्यंत’ असा एक रकाना असतो. तो मी आजवर दोनदा भरलाय, चहा गार व्हायच्या आत. सॅकोंच्या तत्त्वाला आमच्या धंद्यात बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतात, आणि बजेट कमी पडलं की आम्ही पहिली कात्री तिलाच लावतो.

काकांना मी शेवटी सांगितलं, की पडदा गेला तर अख्खा बदलावा लागेल, मिळाला तर.

‘‘आणि नाही मिळाला तर?’’ त्यांनी विचारलं, आणि जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं.