उसन्या कमानी

डिंभ्याहून मुंबईस जाणाऱ्या प्रवाशाने कुलाब्याचे होली नेम कॅथेड्रल अवश्य पाहावे. मात्र नुसते दिपून परतू नये. युरोपातील गॉथिक मंदिरांत फासळ्या, टोकदार कमानी आणि बाहेरचे टेकू छताचा भार पेलतात. म्हणून भिंती उजेडासाठी मोकळ्या होतात. १९०५ साली उभ्या राहिलेल्या या वास्तूने ते रूप उसने घेतले, असा आक्षेप घेतला जातो. तो अपुरा आहे. आपल्या जुन्नरजवळच्या लेण्याद्रीच्या चैत्यगृहातील फासळ्याही लाकडी बांधणीवरून उसन्या घेतलेल्या. भार डोंगरच वाहतो. तरी उपासकांनी ते रूप आपलेसे केले. कॅथेड्रलही छायाचित्राने आपले होत नाही. मायबोलीतील प्रार्थना ओठी घेऊन तेथे गुडघे टेकावे लागतात.